अमरावतीहून गाडीने, सहा जण, दिवस एक: नागपूरची जुनी ठिकाणं कशी बघावीत

ताई, तुमच्या यादीत अकरा ठिकाणं आहेत: सीताबर्डीचा किल्ला, झिरो माईल, अजब बंगला, महाल, दीक्षाभूमी, कामठीचं ड्रॅगन पॅलेस, रामटेक, नगरधन, अंबाझरी, फुटाळा आणि महाराजबाग. सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, नऊ आणि चौदा वर्षांची मुलं, आणि संध्याकाळी अमरावतीला परत. ही यादी पूर्ण करता येईल का, सासूबाईंना झेपेल का, मुलं कंटाळणार नाहीत ना आणि कोणत्या दिवशी यावं, असं तुम्ही विचारलंय. पाहुण्यांना नागपूर फिरवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो: यादी पूर्ण होईल, पण गाडीच्या काचेतून. उतरून, थांबून, मुलांना काहीतरी कळावं असं बघायचं असेल तर चार ठिकाणं घ्या. महाल, सीताबर्डीचा परिसर, अजब बंगला आणि दीक्षाभूमी.

रामटेक आणि नगरधन आधी काढा. रामटेक शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर ईशान्येला आहे आणि तुम्ही येताय पश्चिमेकडून. जाऊन-येऊन अर्धा दिवस संपतो, आणि रामटेक अर्ध्या दिवसात उरकण्यासारखं नाही. गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात आली आणि नवऱ्याच्या मागे तिने राज्य चालवलं, त्या घराण्याची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन. हे सगळं खाली अंबाळा तलावासह निवांत बघायला एक वेगळा दिवस काढा. कामठीचं ड्रॅगन पॅलेस सुंदर आहे, पण ते १९९९ सालचं. ऐतिहासिक म्हणून त्यासाठी वाट वाकडी करायची गरज नाही, रामटेकच्या दिवशी ते वाटेतच पडतं.

किल्ल्याचं काय ते आत्ताच ऐकून ठेवा, नाहीतर मुलं फाटकाशी जाऊन रुसतील. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी उघडतात. एरवी तो खालून बघायचा.

आता मूळ मुद्दा. नागपुरात येऊन औरंगाबाद-विजापूरसारख्या इमारती शोधल्या तर निराशाच होते. इथे भोसल्यांचा राजवाडा होता, काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने भरलेला. तो १८६४ साली जळाला. त्याच्या दहा वर्षं आधी, १८५४ मध्ये, राज्य खालसा झालं तेव्हा हत्ती-घोडे लिलावात गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला विकायला पाठवलं गेलं. म्हणजे एकाच पिढीत दौलतही गेली आणि वाडाही. म्हणून नागपूर बघताना इमारतीपेक्षा जागा बघायच्या आणि तिथे उभं राहून काय घडलं ते सांगायचं. सांगणारं कुणी नसेल तर महाल म्हणजे नुसती गर्दीची बाजारपेठ वाटते, आणि लोक तसंच बोलत परत जातात.

निघायचं पहाटे साडेपाचला. समृद्धी महामार्गाच्या मोहात पडू नका. तो तुम्हाला नांदगाव-धामणगावच्या बाजूने फिरवून वर्धा रोडवर शिवमडक्याला आणून सोडतो. तिवसा, तळेगाव, कोंढाळी, बाजारगाव हा जुना रस्ता सरळ आहे आणि वाडीवरून थेट शहरात आणतो. साधारण दीडशे किलोमीटर. साडेआठच्या आसपास पोहोचाल. कोंढाळीला चहा घ्या, पण नाश्ता करू नका, कारण नागपुरात शिरल्यावर तर्री पोहे खायचेत. मुलांच्या पोह्यांवर तर्री घालू नका, वाटीत वेगळी मागा. ती चण्याची तर्री दिसायला साधी असते आणि नंतर बोलते.

पोटपूजा झाली की सरळ महाल. इथे वेळ पाळा, कारण दुकानं साडेदहा-अकराला उघडतात आणि त्यानंतर त्या रस्त्यांवर चारचाकी नेणं म्हणजे स्वतःच्या हाताने दिवस घालवणं. नऊला पोहोचलात तर गाडी उभी करायला जागा मिळते आणि मान वर करून बघता येतं.

सुरुवात गांधीसागर तलावापासून करा. पत्ता विचारताना कुणी जुम्मा तलाव म्हणेल, कुणी शुक्रवारी तलाव, सगळे एकाच पाण्याबद्दल बोलताहेत. इथे मुलांना सांगा की हे शहर मराठ्यांनी नाही, गोंडांनी वसवलं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह (देवगड आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात आहे) याने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या बारा वाड्या जोडून नागपूर उभं केलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानने, राजधानी इथे आणली, गावाला कोट घातला आणि हा तलाव बांधवला. त्या कोटाचा एक दरवाजा तलावापासून जवळच अजून उभा आहे. आज त्याला गांधी गेट म्हणतात, जुनं नाव जुम्मा दरवाजा. त्याच्याखालून रिक्षा, हातगाड्या, शाळेच्या बस असं सगळं जातं. नागपूरकर रोज तिथून जातात आणि वर बघत नाहीत.

दरवाजातून आत शिरलात की तुम्ही जुन्या कोटात आलात. आता भोसले. १७३९ मध्ये चांद सुलतान गेला आणि गादीवरून भांडण लागलं. त्याच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, वऱ्हाडात असलेल्या रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजी आले, राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली, आणि पुढे त्या दोन भावांमध्येच तंटा झाला तेव्हा पुन्हा आले ते राहायलाच. पण गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. बुऱ्हाण शाहला किताब, मान आणि वसुलातला वाटा देऊन नागपुरातच ठेवलं आणि कारभार स्वतःकडे घेतला. महालात गोंडराजाचा किल्ला म्हणून जागा आहे ती या घराण्याची. माझ्या मते नागपूरच्या इतिहासातला हा सर्वांत चतुर डाव, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तो बरोबर कळतो. जुना मालक घरातच, आणि किल्ल्या नव्याच्या कमरेला.

याच रघुजींनी पुढे बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ मध्ये ओडिशा मराठ्यांच्या ताब्यात आणलं. सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब. त्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये विकत आणली ती बातमी मुलांनी बघितली असेल. त्या तलवारीचा धनी जिथून राज्य चालवायचा ते हेच महाल, हे सांगितलंत की दोघांचे मोबाईल खिशात जातात. निदान पाच मिनिटं तरी.

भोसल्यांचा थोरला वाडा बाहेरून बघा, तिथे आजही घराण्यातली माणसं राहतात, तेव्हा आत डोकावू नका. त्याऐवजी जवळचं कल्याणेश्वराचं मंदिर आणि रुक्मिणीचं मंदिर बघा. भोसलेकाळातलं दगडी काम कसं होतं याचा अंदाज तिथे येतो. जुना राजवाडा जळाला तरी देवळं टिकली, कारण दगड. सासूबाईंना कल्याणेश्वरात बसवून ठेवलं तर त्यांना सावली मिळते, दर्शन होतं आणि तुम्हाला बडकस चौकापर्यंत चक्कर मारून यायला अर्धा तास मिळतो. सगळ्यांनी मिळून जायचं असेल तर ई-रिक्षा करा, महालात त्या पावलोपावली मिळतात आणि गल्लीत गाडीपेक्षा बऱ्या पडतात. राजघाट आणि काशीबाईंचं देऊळ, म्हणजे भोसल्यांच्या समाध्यांचा भाग, जुन्या शुक्रवारीत नाग नदीच्या काठाला आहे. मला ती जागा फार आवडते, पण परिसराची निगा बेताची आहे आणि वयस्क माणसांना घेऊन जायला सोयीची नाही. यावेळी सोडा.

अकराच्या आत महालातून बाहेर पडा. काही कारणाने उशीर झाला आणि गाडी अडकली, तर चालवणाऱ्याला गाडीसोबत सोडा आणि बाकीचे चितार ओळीच्या मेट्रो स्टेशनवरून बर्डीला या. मुलांना मेट्रोच जास्त आठवणीत राहील हे मी लिहून देतो.

सीताबर्डी. आम्ही नुसतं बर्डी म्हणतो. दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. १८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, जेंकिन्स इथे पायथ्याशी राहत होता आणि तिकडे महालात आप्पासाहेब भोसले. पुण्याला पेशव्यांनी इंग्रजांशी लढाई सुरू केली होती आणि आप्पासाहेबांचा कल उघड होत चालला होता. २६ तारखेच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि २७ ला दुपारपर्यंत चालला. आप्पासाहेबांकडे माणसं कितीतरी जास्त होती, त्यात कडवे अरब शिपाई. त्यांनी लहान टेकडी घेतलीसुद्धा. तिथून मोठी टेकडी तोफेच्या माऱ्यात होती, म्हणजे लढाई जवळजवळ हातात होती. पण इंग्रजांकडच्या घोडदळाच्या एका तुकडीने खालच्या मैदानावर चढाई केली, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळात लहान टेकडी परत गेली आणि सगळं पालटलं. महिनाभरात नागपूर इंग्रजांच्या मुठीत आलं.

हे समजून घ्यायला किल्ल्यात जायची गरजच नाही. उलट किल्ला दिशाभूल करतो. लोकांना वाटतं की इथे किल्ला होता आणि त्यासाठी लढाई झाली. लढाई झाली तेव्हा इथे नुसत्या उघड्या टेकड्या होत्या, किल्ला इंग्रजांनी त्यानंतर बांधला, शहरावर नजर ठेवायला. म्हणून रेल्वे स्टेशनच्या बाजूला टेकडी गणपतीला जा. ते देऊळ त्याच टेकडीच्या अंगाला आहे. सासूबाईंचं दर्शन होतं आणि तिथे उभं राहिलं की चढ किती आणि मैदान किती हे डोळ्यांनी कळतं. गाड्यांच्या वर्दळीतून ते मैदान मनातल्या मनात मोकळं करावं लागतं, एवढंच.

किल्ल्याबद्दल आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी ऐकवेल: १९२३ मध्ये गांधीजींना इथे कैदेत ठेवलं होतं. गांधीजी मार्च १९२२ मध्ये शिक्षा झाल्यावर येरवड्याला गेले आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटले. त्यामुळे ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. १९२३ मध्ये नागपुरात घडलं ते झेंडा सत्याग्रह, आणि ते खरं असल्यामुळे जास्त रंगतदार आहे. सिव्हिल लाईन्सकडे झेंडा घेऊन जायला इंग्रजांनी बंदी घातली, तर देशभरातून लोक येऊन रोज झेंडा घेऊन निघायचे आणि रोज अटक व्हायचे. जमनालाल बजाज त्याचे पुढारी होते. नंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली. तुम्ही गाडीने आरामात जाल तो सिव्हिल लाईन्सचा रस्ता त्यांना बंद होता.

त्याच टापूत कस्तुरचंद पार्क आणि झिरो माईल. पार्कच्या मैदानात २०१८ मध्ये खोदकाम करताना जुन्या तोफा निघाल्या होत्या. मैदान मोठं आहे, लहान्याला दहा मिनिटं पळू द्या, त्याची गरज असते.

झिरो माईलला सगळे फोटो काढतात आणि सगळे म्हणतात, हा भारताचा मध्यबिंदू. मुलांना असं सांगू नका. आजच्या भारताचा तर तो मध्य नाहीच, मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी गाव तो मान सांगतं. इथे जे आहे ते मोजणीच्या कामाचं आहे. इंग्रजांच्या काळात जमिनीची जी मोठी त्रिकोणमितीय मोजणी झाली, तिचा १९०७ सालचा दगड खांबाजवळ आहे, आणि समुद्रसपाटीपासून या जागेची उंची १०२०.१७१ फूट अशी धरली आहे. फुटाचा हजारावा भाग! कॉम्प्युटर नसताना, कोसन्‌ कोस दुर्बिणी आणि मोजपट्ट्या वाहत नेऊन माणसांनी हे मोजलं. मला विचाराल तर मध्यबिंदूच्या दंतकथेपेक्षा हे जास्त थक्क करणारं आहे. चबुतऱ्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची मैलांतली अंतरं कोरली आहेत. धाकट्याला त्यांचे किलोमीटर करायला सांगा आणि चार घोड्यांपाशी उभं करून फोटो काढा. वीस मिनिटं पुरे.

विधानभवन आणि हायकोर्ट गाडीतूनच. हायकोर्टाची इमारत १९४० ची, दिल्लीत काम केलेल्या हेन्री मेड या वास्तुविशारदाची. नागपूर एकेकाळी एका अख्ख्या प्रांताची राजधानी होतं आणि १९५६ मध्ये ते पद गेलं. या रुंद रस्त्यांचा आणि मोठाल्या बंगल्यांचा अर्थ तेवढ्या एका वाक्यात लागतो.

मग अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालय हे सरकारी नाव, पण रिक्षावाल्याला अजब बंगलाच सांगा. १८६३ मध्ये इथला इंग्रज चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलच्या काळात सुरू झालेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. दुपारच्या उन्हात आत बसायला याहून चांगली जागा नाही. सगळी दालनं बघायच्या भानगडीत पडू नका. शस्त्रं, शिल्पं-शिलालेख आणि गोंडांसह आदिवासींचं दालन, एवढं नीट बघा. सकाळी ज्या गोंड राजाची गोष्ट सांगितलीत त्याच्या लोकांचं जगणं इथे दिसतं, ती जोडणी मुलांना स्वतःला करू द्या. धाकटा भुसा भरलेल्या जनावरांपाशी रेंगाळणार, त्याला रेंगाळू द्या. त्याला रेल्वेचं वेड असेल आणि दालनांचा कंटाळा येत असेल, तर एका मोठ्या माणसासोबत कडबी चौकाजवळच्या नॅरो गेज रेल्वे म्युझियममध्ये पाठवा. सातपुड्यात धावलेली अडीच फुटी रुळांवरची इंजिनं तिथे हात लावून बघता येतात.

जेवणाचं. सावजी खायचं तुमच्या यजमानांच्या मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचं हे खाणं, मसाला आणि तेल दोन्ही सढळ. संध्याकाळी तीन तास गाडी चालवणाऱ्या माणसाने दुपारी सावजी मटण खाऊ नये, एवढंच मी म्हणेन. पाटोडीचा रस्सा घ्या, चव तीच. मुलांना आणि सासूबाईंना साधी थाळी आणि हिवाळा असेल तर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची.

साडेतीन-चारला दीक्षाभूमी. ही जागा मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण इथे घाईने आलेलं चालत नाही. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. बर्डीतल्या शाम हॉटेलात उतरलेले बाबासाहेब सकाळी इथल्या मैदानावर आले, कुशीनगरच्या भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसह. नागपूरच का, याचं उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिलं: बौद्ध धम्म पसरवणारे नाग लोक याच भागातले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. चौदा वर्षांच्या मुलीला या तारखा एकापुढे एक सांगा, बाकी काही सांगावं लागणार नाही.

स्तूप सांचीच्या धर्तीवर आहे, पण सांचीचा भरीव आणि हा पोकळ, १२० फूट व्यासाचा घुमट. २००१ च्या डिसेंबरात राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. आत बाबासाहेबांच्या अस्थींचा कलश आहे. चपला बाहेर, आवाज बंद, आत फोटो नाही. बाहेरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणलेल्या रोपाचा. सासूबाईंना इथे चढ-उतार फारसा नाही आणि बसायला जागा भरपूर आहे. लोक लांबून येऊन इथे डोकं टेकवतात, तेव्हा मुलांना आधीच समज द्या की ही सहलीची जागा नाही.

साडेपाचला निघालात तर अमरावती रोडला लागण्याआधी फुटाळ्याला वीस मिनिटं थांबता येईल. भोसल्यांच्या काळातला तलाव, तुमच्या यादीतलं आणखी एक ठिकाण त्यात बसून जातं. अंबाझरी आणि महाराजबाग गेलं तर गेलं. संत्रा बर्फी दुपारीच बर्डीतून घेऊन ठेवा, जाताना त्यासाठी परत शहरात शिरलात तर ऑफिस सुटायच्या गर्दीत सापडाल.

कोणत्या दिवशी यावं हे शेवटचं. सोमवार नको, अजब बंगला बंद असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार उत्तम, फक्त डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असलं तर सिव्हिल लाईन्समध्ये जागोजागी बंदोबस्त असतो, तेवढं बघून घ्या. दसऱ्याच्या आसपास आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीकडे गाडी नेण्याचा विचारही करू नका. एप्रिल-मे तर नाहीच, सासूबाईंना घेऊन तर मुळीच नाही. २६ जानेवारीला आलात तर किल्ला आतून बघता येईल, पण मग रांगेत दीड-दोन तास धरा आणि महालचा वेळ त्यातून कापा. मला निवड करायला सांगितली तर मी किल्ला सोडेन, महाल नाही. मुलांनी हट्टच धरला तर त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक बघायला वेगळं आणा. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि इंग्रजांपुढे नमतं घेणाऱ्या, भोसले घराण्यातल्या बांकाबाईंवरचा तो राग आहे असं इथले लोक सांगतात. मात्र त्या गर्दीत सासूबाईंना आणि गाडीला, दोघांनाही आणू नका.